समितीला दाखवलेला उंट

पर्यटनस्थळी ठेवलेल्या प्राण्यांविषयी शासनाला सल्ला देण्यासाठी एक तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि तिच्यात माझं नाव आलं, तेव्हा मी मनापासून खूश झाले होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ही बाई पहिल्या दिवसापासून भांडायच्या तयारीनेच गेली असणार. तसं अजिबात नव्हतं. पहिल्या बैठकीसाठी मी नवी साडी घेतली होती.

माझी सगळी नोकरी खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांतल्या जनावरांच्या दवाखान्यांत झाली. सुरुवातीला नांगराचे बैल, म्हशी, गावठी कोंबड्या. मग बैल कमी झाले, भाताच्या खाचरांना कुंपणं पडली, कुंपणांना कमानी आल्या आणि कमानींवर रिसॉर्टांची नावं. मुंबईची माणसं शनिवार-रविवार येणार, त्यांच्या मुलांना पोहण्याच्या तलावाखेरीज आणखी काहीतरी दाखवायला हवं, म्हणून ससे आले, बदकं आली, तट्टू आले, कुणीतरी इमू आणले. आणणाऱ्यांना त्या प्राण्यांविषयी काही माहीत नसे आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नसे. सशांना मुलं वेफर्स भरवत. इमूंचं कौतुक संपल्यावर त्यांना एका रिकाम्या गाळ्यात कोंडून ठेवलेलं मी पाहिलंय. एकमेकांची पिसं उपटून त्यांनी पाठी सोलून काढल्या होत्या. मी औषधं लिहून द्यायचे, मालकाला सुनावायचे आणि घरी यायचे. सुनावण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं, कारण किती प्राणी ठेवायचे, कुठले ठेवायचे, कसे ठेवायचे याचा धड नियमच नव्हता. आता तो नियम लिहिणाऱ्यांत मी असणार होते. निवृत्तीनंतर याहून चांगलं काय मिळणार?

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त बडे अधिकारी होते. आवाज मऊ, कुणालाही मधे न तोडणारे. दुसरे सदस्य पशुवैद्यक महाविद्यालयातले निवृत्त प्राध्यापक. घोड्यांचे आणि उंटांचे आजार याच सरांनी मला शिकवले होते, त्यामुळे त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाल्यावर मी क्षणभर पुन्हा विद्यार्थिनी झाले. रिसॉर्टवाल्यांच्या संघटनेकडून एक बाई होत्या. कोंडाण्याला लेण्यांच्या पायथ्याशी त्यांची चार खोल्यांची राहायची-जेवायची सोय आहे. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण पहिल्या बैठकीपासून मी त्यांना ताईच म्हणायला लागले. खरं तर मनात मी त्यांना विरोधी पक्ष धरलं होतं. टिपणं लिहायला एक सदस्य सचिव होते, ते नोकरीतले अधिकारी.

अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं, "आपल्याला टोकाची भूमिका नको. प्राण्यांचाही विचार करू, व्यवसायाचाही करू. समतोल हवा."

मीही मान डोलावली. समतोल कुणाला नको असतो?

ऐन श्रावणात मला कळंबजवळच्या एका काकूंचा फोन आला. त्यांच्या म्हशी मी वर्षानुवर्षं तपासलेल्या. घरामागेच एका रिसॉर्टची भिंत आहे.

"डाक्टरबाई, तुमी येऊन बगा एकदा. या लोकांनी उंट आनलाय. सारा दिस वरडतो हाय. आमाला जेवन जात नाय."

"उंट? या पावसात?"

"आता काय सांगू तुमाला! चिखलात बसलाय त्यो. उटतच नाय."

मी गाडी काढून गेले. काकूंच्या गोठ्यामागच्या ओट्यावर उभं राहिलं की भिंतीपलीकडचं दिसतं. एका पत्र्याच्या शेडखाली, म्हणजे नावालाच खाली, कारण पाऊस तिरपा आत येत होता, एक उंट बसलेला होता. पुढ्यात भाताचा ओला पेंढा आणि त्यावर हॉटेलातल्या उरलेल्या चपात्या. मानेवर आणि मांडीवर केस झडून कातडी हत्तीसारखी जाड झालेली. ती खरूज होती, ते मला लांबूनही कळत होतं. त्याने मान वळवली तेव्हा डावी नाकपुडी दिसली. नाकात घातलेली लाकडी खुंटी कधीतरी कुणीतरी ओढून काढली असणार. नाकपुडी कडेपर्यंत फाटून तशीच भरून आली होती.

मी रिसॉर्टच्या कमानीतून आत गेले आणि मॅनेजरला भेटले. मी कोण हे सांगितलं. समितीचं नाव काढलं नाही, नुसती डॉक्टर म्हणून गेले. तो म्हणाला, "मॅडम, आमचे डॉक्टर आहेत."

"कोण? मी या तालुक्यातल्या सगळ्यांना ओळखते."

त्याला नाव सांगता येईना. मग तो म्हणाला, "बघा तुम्ही. पण फोटो नको."

उंटाला सांभाळायला एक माणूस होता, राजस्थानातून आलेला, निळा रेनकोट घातलेला. त्याने दोरी ओढली, ओरडला, तेव्हा तो उंट कसाबसा उठला आणि मी त्याचे पाय पाहिले. उंटाच्या पायाला खूर नसतो, खाली मऊ गादी असते. ती वाळूसाठी असते. सिमेंटच्या कोब्यावर आणि चिखलात उभं राहून त्या गाद्या कुजल्या होत्या. मागच्या उजव्या पायातून पू येत होता. छातीखालची, तो बसताना टेकवतो ती जागाही सोललेली होती. मी पाय धुतला तेव्हा त्याने मान वर करून जो आवाज काढला, तो काकू म्हणत होत्या तोच असावा.

"इसको सवारी करवाते हो?" मी विचारलं.

"सिर्फ संडे को, मॅडम. बच्चे लोग ही बैठते हैं."

मी मॅनेजरला सांगितलं की याच्यावर कुणालाही बसवायचं नाही, कोरडी जमीन द्यायची, खायला बाभळीचा, बोरीचा पाला द्यायचा आणि पाऊस संपेपर्यंत इथून हलवायचाच. तो "हो हो" म्हणाला. पुढच्या आठवड्यात मी परत गेले तेव्हा माझ्या इंजेक्शनांचा पुढचा डोस कुणी दिला नव्हता आणि उंटाच्या पाठीवर खोगीर होतं.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी म्हटलं की आपण सगळे टेबलावर बसून बोलतोय. एकदा कर्जतला या, एक रिसॉर्ट डोळ्यांनी बघा. जागेचं नावही सुचवलं. अध्यक्षांना कल्पना आवडली. सर म्हणाले, "उत्तम." फक्त मी एक विनंती केली: आधी कळवू नका.

सदस्य सचिवांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, खाजगी मालमत्ता आहे. कळवावंच लागतं. शिवाय जेवणाची व्यवस्थाही बघावी लागेल ना."

तर असे आम्ही भाद्रपदात एका सकाळी त्या कमानीखाली उतरलो. मॅनेजरने शहाळी दिली. नारळाच्या झावळ्यांचं तोरण होतं. शेडला नवे पत्रे लागले होते, खाली जाड वाळू अंथरली होती, बाजूला हिरवा पाला रचून ठेवला होता. आणि वाळूवर एक तुकतुकीत, उमदा उंट उभा होता. गळ्यात गोंड्यांची माळ. शेजारी सांभाळणारा, तोही वेगळाच, तरणा, स्वच्छ कपड्यातला.

मी जवळ गेले. दोन्ही नाकपुड्या धड होत्या. फाटलेल्याची खूणसुद्धा नाही.

"हा तो उंट नाही," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅनेजर हसला. "मॅडम, आमच्याकडे एकच उंट आहे. तुम्ही दिलेल्या औषधाने सुधारला."

"फाटलेलं नाक माझ्या औषधाने शिवलं गेलं का?"

अध्यक्ष पुढे आले. हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, उंट साधारण सारखेच दिसतात हो."

मी सरांकडे वळले. याच माणसाने मला शिकवलं होतं की जनावर ओळखायचं ते त्याच्या खुणांवरून, मालकाच्या बोलण्यावरून नाही. "सर, मी तुम्हाला फाटलेल्या नाकपुडीचं बोलले होते. तुम्ही स्वतः बघा."

सरांनी चष्मा पुसला, उंटाच्या तोंडाकडे वर पाहिलं, आणि म्हणाले, "इथे उजेड जरा कमी आहे."

भर दुपार होत आली होती. ढगसुद्धा उघडले होते. मला आयुष्यात पुष्कळांचा राग आलाय, पण त्या वाक्याने जो आला तो आजही जशाच्या तसा येतो. ज्या रिसॉर्टवाल्याला उंट म्हणजे चार पायांवरची घसरगुंडी वाटते, त्याच्याकडून मी काही वेगळं धरून चालले नव्हते. पण ज्याला सगळं ठाऊक आहे, तो शहाळ्याच्या पाण्यासाठी आंधळा होतो?

मी म्हटलं, "ठीक आहे. मग खरा उंट कुठे आहे ते शोधू."

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही पाहिलेला उंट वेगळा, असं तुमचं म्हणणं आहे. असेल. पण समितीने हा पाहिला. समिती जे पाहते तेवढंच लिहू शकते."

"म्हणूनच म्हणते, चला, तोही बघा."

"तो कार्यक्रमात नाही."

तेवढ्यात मला भिंतीवरून काकूंचं डोकं दिसलं. त्या केव्हापासून ओट्यावर उभ्या होत्या कोण जाणे. मोठ्याने म्हणाल्या, "डाक्टरबाई, सकाळीच नेला गं बाई त्याला, मागच्या कोंबड्यांच्या शेडात. मी बगितलं ना. चार मानसं लागली ढकलायला."

मॅनेजर म्हणाला, "त्यांचं आमच्याशी जागेवरून भांडण आहे, सर. त्या काहीही बोलतात."

मी चालायला लागले. मागून पावलं ऐकू आली, वाटलं सर असतील. वळून पाहिलं तर कोंडाण्याच्या ताई होत्या, साडीचा काठ चिखलातून उचलून धरलेला.

"मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "मी यांची प्रतिनिधी आहे ना? मग मी कुणाची बाजू घेतेय ते तरी मला कळू दे."

कोंबड्यांचं शेड वापरात नव्हतं. दाराशी तोच निळ्या रेनकोटवाला बसला होता. आम्हाला पाहून उभा राहिला. "साहब लोग जाने के बाद निकालेंगे, ऐसा बोला है," तो म्हणाला आणि दार उघडून बाजूला झाला. आत उंट आडवा पडला होता. उंट असा कुशीवर पडत नाही. पडला की समजायचं त्याला बसवतही नाही. छत इतकं खाली होतं की उठला असता तरी मान सरळ झाली नसती. ताई दारातच थांबल्या. मी पाय तपासत होते तेव्हा मला वाटलं त्या बाहेर गेल्या, पण त्या पाणी आणायला गेल्या होत्या. बादली आणून त्यांनी त्याच्या तोंडाशी धरली. त्याने प्यायला वेळ लावला. त्या हलल्या नाहीत.

परत आलो तेव्हा जेवणं सुरू झाली होती. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वर कोलंबी. ताई अध्यक्षांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, हात धुतलेलेही नव्हते. "साहेब, उंट मागे पडलाय. दोन मिनिटांवर आहे. तुम्ही जेवण ठेवा आणि चला."

"आपण बैठकीत याची नोंद घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "बसा ना, गार होतंय."

आम्ही दोघी जेवलो नाही. काकूंकडे गेलो, त्यांनी काळा चहा दिला. ताई म्हणाल्या, "माझ्याकडे गेल्या उन्हाळ्यात एक पार्टी विचारत होती, घोडा ठेवा म्हणून. मी ठेवणार होते हो."

तो उंट सुटला तो समितीमुळे नाही. ताईंनी मालकाला स्वतः फोन केला. काय काय बोलल्या ते त्यांनी मला सगळं सांगितलं नाही; संघटनेच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभी राहून हे सांगेन असं त्यांनी त्याला बजावलं, एवढं मला कळलं. उंट आता तसाही मालकाला नकोसा झाला होता. त्याने तो द्यायला तयारी दाखवली, वर आमच्याकडून "प्राण्यांना निवृत्ती देणारं पहिलं रिसॉर्ट" असा फोटो काढून घेतला. मी त्या फोटोत उभी राहिले. दुसरा मार्ग नव्हता. चालता येण्याइतपत तो बरा होईपर्यंत मी रोज कळंबला गेले, निळ्या रेनकोटवाल्याने ड्रेसिंगला पाय धरला, आणि मग एका ट्रकमध्ये वाळूची पोती पसरून आम्ही त्याला खंडाळ्याचा घाट चढवून देशावर, कोरड्या मुलखातल्या एका पांजरपोळात पोचवलं. तिथे तो आता बाभळीचा पाला खातो. मागचा उजवा पाय कायम टेकत टेकतच टाकणार.

मग शेवटची बैठक झाली. मसुदा वाचायला दिला होता. मी लिहिलेली शिफारस अशी होती: कोकणातल्या जास्त पावसाच्या भागात उंट ठेवू नयेत. मसुद्यात होतं: उंट शक्यतो ठेवू नयेत.

"हा शक्यतो कुठून आला?" मी विचारलं.

सदस्य सचिव म्हणाले, "मॅडम, भाषा सौम्य केली. शासनाला हात मोकळे हवेत."

"उंटाचे पाय कुजतात ते शक्यतो कुजतात का?"

अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. "डॉक्टर, आपण शिफारस करतो. आदेश देत नाही. शब्द थोडा नरम असला की स्वीकारला जातो. तुम्ही अनुभवी आहात."

पुढे वाचत गेले. सगळीकडे तेच. सवारी शक्यतो टाळावी. तपासणी शक्यतो न कळवता व्हावी. पशुवैद्यक शक्यतो नेमलेला असावा. कर्जतच्या भेटीविषयी एक परिच्छेद होता: समितीने पाहिलेला उंट सुस्थितीत आढळला. मी सरांना विचारलं, "सर, हे तुम्हाला पटतं?" ते म्हणाले, "एकूण दस्तऐवज चांगला झालाय." ताई म्हणाल्या की हे वाक्य खोटं आहे, मी स्वतः बादली धरली होती. त्यावर सदस्य सचिवांनी विचारलं, "मॅडम, पण तुम्ही तर व्यवसायाकडून आहात ना?"

मी सही करायला नकार दिला. माझं भिन्नमत लेखी जोडा असं सांगितलं, तिथल्या तिथे लिहून दिलं. ताईंनीही सही केली नाही. अध्यक्षांनी हसून चहा मागवला.

अहवाल सादर झाल्यावर त्याची प्रत मला टपालाने आली. माझं भिन्नमत कुठेच नव्हतं. अहवाल एकमताने स्वीकृत झाला, असं होतं, आणि खाली: दोन सदस्य अनुपस्थित. मी त्या खोलीत बसले होते. त्यांचा चहा प्यायले होते. ज्या माणसाने ते टाइप करायला सांगितलं त्याच्या समोर बसून मी आवाज चढवला होता. आणि मी अनुपस्थित! मी फोन केला तेव्हा सचिव म्हणाले, "सही नाही म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तसंच धरतात, मॅडम." मी पत्रं पाठवली. पोच आली, उत्तर आलं नाही.

माझे यजमान म्हणतात, उंट वाचला ना, मग सोड. मला सोडवत नाही. एक उंट आम्ही दोघींनी वाचवला, तो आमच्या पदरचा वेळ घालून, एका मालकाच्या फोटोच्या हौसेला धरून. असं किती जणांच्या मागे लागणार? त्यासाठीच तर नियम हवा होता. नियम लिहायला बसवलं आणि लिहिलेल्यात पाणी घालून तो कागद आम्हालाच दाखवला. उद्या कुणी विचारलं, काही तक्रार केली, तर शासन म्हणेल की आम्ही तज्ज्ञांचं मत घेतलंय. त्या तज्ज्ञांत माझं नाव छापलेलं आहे. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

परवा काकूंचा फोन आला. "बाई, त्याच जागी आता दोन तट्टू बांधल्यात. बारकं हायत. एकाच्या पाटीला जखम झालीय, माश्या बसतात." मग म्हणाल्या, "ती तुमची कमिटी काय करते हाय?"

मी ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "येते. गाडीत घ्या मला."

आधी काकूंच्या ओट्यावरून दोघींनी तट्टू पाहिले. या वेळी फोटो काढले, मॅनेजरला न विचारता. जखम खोगिराची होती, आत अळ्या पडल्या होत्या. तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो. ड्युटीवरच्या हवालदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, यासाठी एखादी समिती नाही का? तिकडे द्या ना तक्रार."

"समिती होती," ताई म्हणाल्या. "आम्हीच होतो. आता तुम्ही तक्रार लिहून घ्या. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याचा गुन्हा आहे, कायदा जुना आहे, शक्यतो वगैरे त्यात काही नाही."

त्याने साहेबांना विचारून येतो म्हटलं. आम्ही बाकावर बसलो. बराच वेळ गेला. एकदा तो येऊन म्हणाला की उद्या या. मी म्हटलं, आम्ही इथेच आहोत. ताईंनी पिशवीतून डबा काढला, घावणे होते आणि लसणाची चटणी. आम्ही तिथेच बाकावर खाल्लं. शेवटी साहेबांनी आत बोलावलं, फोटो पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि हवालदाराला म्हणाले, "घे लिहून."

त्याने विचारलं, "तक्रारदाराचा व्यवसाय?"

मी म्हटलं, "जनावरांची डॉक्टर. एवढंच लिहा."